नावात गूळ

उन्हाळा लागला की आमच्या फाटकासमोरच्या कडुनिंबावरून जे लोंबत असतं ती केबल नाही, हे दर वर्षी दोन-तीन जणांना समजावून सांगावं लागतं. एकदा इंटरनेटची जोडणी द्यायला आलेल्या पोराने ती ओढून बघितली आणि विचारलं, "काका, ही लाइन कोणाची?" मी म्हटलं, "धन्वंतरीची." ती कंपनी धुळ्याच्या देवपुरात अजून आलेली नाही, असं मला सांगून तो शिडी घ्यायला गेला.

ती गुळवेल आहे. चैत्र-वैशाखात धुळ्याचं ऊन माणसाला जे करतं तेच तिलाही करतं. पानं झडतात आणि करड्या, पापुद्रे सुटलेल्या कातडीची एक दोरी तेवढी उरते. पावसाळा आला की हीच दोरी हिरव्या पानांनी झाकून जाते. पान अगदी पत्त्यांतल्या बदामासारखं. शास्त्रज्ञांनी हिला टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हटलं, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. त्यांना हृदय दिसलं, आमच्या ओट्यावरच्या मंडळींना बदाम सात दिसतो.

मराठी माणसाची फसगत मात्र नावापासूनच सुरू होते. गुळवेल! लहानपणी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिला ढेपा लागत असतील, निदान चघळायला तरी गोड असेल, अशी माझी समजूत झाली होती. चघळली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. धुळ्यात शब्दांच्या व्युत्पत्तीची थट्टा करू नये, कारण इतिहासाचार्य राजवाडे शब्दांची मुळं खणत खणत या गावात राहिले आणि १९२६ सालच्या शेवटच्या दिवशी इथेच गेले. तेव्हा जरा जपूनच सांगतो. संस्कृतात हिचं नाव गुडूची. गुडाचा जसा गूळ झाला, तसा गुडूचीतल्या ड चाही ळ झाला असावा. म्हणजे यात गोडीचा काही संबंध नाही, एका अक्षराच्या घसरगुंडीने हा सगळा घोटाळा केला. पण तोंड कडू झालेल्या आठ वर्षांच्या पोराला व्युत्पत्तीने काय दिलासा मिळणार?

त्यातून आमची वेल कडुनिंबावर चढलेली. आंब्यावरची, बाभळीवरची, कुंपणाच्या तारेवरची गुळवेल चालते, पण निंबावरची ती उत्तम, असं जुने लोक मानतात. निंबाचा गुण तिच्यात उतरतो म्हणे. वेल झाडावर चढते खरी, पण बांडगुळासारखी त्याचा रस पीत नाही. तिचं अन्न तीच तयार करते. मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे ही माहिती मी घरात एकदा मोठ्या उत्साहाने सांगितली. बायको म्हणाली, "मग गुण कसा उतरतो ते मला विचारा. कडवट माणसाच्या आधाराने चाळीस वर्षं राहिलं की आपोआप उतरतो."

माझं गुळवेलीशी नातं मोठ्या मायच्या हातून जुळलं. मोठी माय म्हणजे आमची आजी. साक्री तालुक्यात आमचं गाव. साठच्या दशकातला काळ. गावाला हिवताप नवा नव्हता. पावसाळा संपता संपता घरातलं एक ना एक माणूस गोधडीखाली कुडकुडत असायचं. ताप आला की मोठी माय विळा घेऊन बांधावरच्या निंबाकडे निघायची आणि मी उलट्या दिशेने.

तिची तयारी बघण्यासारखी होती. वेल अंगठ्याएवढी जाड हवी. करंगळीएवढी कोवळी चालायची नाही आणि मनगटाएवढी जून झालेली तर अजिबात नाही. एका माणसाला एक वीत, आणि वीत ज्याची त्याची. लहान पोराला त्याच्याच हाताची वीत, मोठ्याला त्याच्या हाताची. पुढे मी मुलांना शिकवताना वजनाप्रमाणे औषधाची मात्रा ठरते असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा ही वीत आठवून मला एकदम घाम फुटला होता. वेल कापली की ती वरचा पापुद्रा नखाने सोलायची. कागदासारखा तपकिरी पापुद्रा निघाला की आत ओलं हिरवं खोड. आडवं कापलं तर तिच्या पोटात बैलगाडीचं चाक दिसतं, आरे आणि सगळं. संस्कृत कोशकारांनाही ते दिसलं होतं, म्हणून तिच्या नावांत एक चक्रलक्षणा आहे. मला मात्र ते चाक माझ्याकडेच गडगडत येतंय असं वाटायचं.

मग खलबत्ता. तुकडे ठेचले की त्यांचे दोरे सुटतात आणि बत्त्याला चिकट बुळबुळीत रस लागतो. हा ठेचा रात्रभर मडक्यातल्या पाण्यात भिजायचा. सकाळी त्यात सुंठेचा खडा पडायचा आणि मडकं चुलीवर चढायचं. जाळ मंद. मोठी माय निंबाची एक काडी मडक्यात उभी बुडवायची, पाणी जिथवर पोचलं तिथे नखाने खूण करायची. चार बोटं पाणी असलं तर अर्धं बोट उरेपर्यंत उकळायचं. काडी परत परत बुडवून बघायची. मला लिहिता-वाचता येऊ लागल्यावर मी तिला विचारलं होतं, अर्धंच बोट का? ती म्हणाली, "मोजीसन काय व्हस? काडी सांगस." पुढे खूप वर्षांनी शार्ङ्गधराचा काढ्याचा नियम वाचनात आला: औषधाच्या सोळा पट पाणी घ्या, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवा आणि आठवा हिस्सा उरला की उतरवा. चार बोटांचं अर्धं बोट म्हणजे बरोबर आठवा हिस्सा. मोठी माय शार्ङ्गधर वाचलेली नव्हती. तिला सहीदेखील येत नव्हती. तो नियम तिच्यापर्यंत काडीवरून चालत आला होता.

काढा फडक्यातून गाळून वाटीत यायचा. रंग शेवाळलेल्या पाण्याचा. चव? कडूपणाच्याही जाती असतात. कारल्याचा कडूपणा जेवणाच्या ताटात बसलेला, माणसाळलेला असतो. मेथीचा तर लाडिकच. निंबाच्या पानांचा कडूपणा पाडव्याला गुळाशी तडजोड करतो. गुळवेलीचा कडूपणा तडजोड करत नाही. तो घशाखाली जातो आणि तिथून परत वर बघतो. पाणी प्या, कळण्याची भाकरी खा, शेवभाजीचा जाळ लावा, तो बसलेला असतो. मोठी माय वर गूळही द्यायची नाही. "कडू शे म्हनीसनच ते औसद शे," एवढंच तिचं शास्त्र.

सुटकेचे मार्ग मी शोधले. मोरीत ओतला, तर मोरी चुलीसमोरच होती. मग एकदा वेलीचाच निकाल लावायचं ठरवलं. आणलेली ओली वेल पानांसकट शेजारच्या वासरासमोर टाकली. वाटलं होतं, वासरू हुंगून तोंड फिरवेल आणि मला सांगता येईल की जनावरही खात नाही ते मला का? वासराने सगळी वेल चवीने खाल्ली आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं. गुळवेलीचं आणखी एक जुनं नाव वत्सादनी आहे, वासरं खातात ती. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझी एवढी नाचक्की झाली नसती.

काढा तीन दिवस. सकाळी अर्धी वाटी, तीन दिवस. चौथ्या दिवशी ताप असेल तर बैलगाडी जुंपायची आणि साक्रीला डॉक्टर गाठायचा. हा नियमही काडीइतकाच पक्का होता. पुढे हिवतापाच्या मोहिमेचे लोक घरोघरी यायला लागले. राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम १९५८ ला सुरू झाला होता. ते डीडीटी फवारायचे, भिंतीवर तारीख लिहून जायचे, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचे आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या हातावर ठेवायचे. आम्हाला वाटलं, आता सुटलो. मोठी माय या परक्या औषधाला विरोध करेल अशी बापाला भीती होती. तिने एक गोळी जिभेच्या टोकाला लावून बघितली. तोंड वाकडं केलं. मग समाधानाने म्हणाली, "कडू शे. मंग चांगली शे." क्लोरोक्विनला आमच्या घरात प्रवेश मिळाला तो या परीक्षेत उत्तीर्ण होऊन. आणि गुणही त्याचा आला, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हिवताप त्या गोळ्यांनी गेला, वेलीने नाही. तापाच्या मुलखात राहणाऱ्या साहेबांनीही एके काळी हिच्यावर भरवसा टाकून बघितला होता; १८६८ साली निघालेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त गुलंचा या नावाने हिला जागा मिळाली होती. क्विनाइनशेजारी बसायला मिळालं खरं, पण क्विनाइनची खुर्ची काही मिळाली नाही.

गुळवेलीचं सत्त्व हा आणखी वेगळा उद्योग. ओली वेल ठेचून पाण्यात भिजवायची, सकाळी हाताने खूप चोळायची, गाळून पाणी स्थिर ठेवायचं. तळाशी पांढरं काहीतरी बसतं. वरचं पाणी हलकेच ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा ओतायचं आणि मग तो थर वाळवायचा. टोपलीभर वेलीचं मूठभर पांढरं पीठ हातात येतं. धुळ्यात शाळेत शिकवत असताना मी एकदा घरचं सत्त्व चिमूटभर प्रयोगशाळेत नेलं आणि मुलांसमोर त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळंजांभळं झालं. म्हणजे स्टार्च. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग बटाटाच का नाही खायचा?" मी त्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी घंटेची वाट बघितली. त्या पिठासोबत वेलीतलं आणखी काय काय उतरतं यावर बोलता आलं असतं, पण काही प्रश्न पहिल्या फटक्यात इतके बरोबर असतात की त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांचा अपमान.

मग २०२० उजाडलं.

त्याआधी आमच्या वेलीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. कडुनिंब सोसायटीचा, सावली सगळ्यांची आणि वेल माझी, कारण तिच्याबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. टाळेबंदी लागली आणि दोन आठवड्यांत वेलीची मालकी बदलली. सरकारी काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी होती. पण लोकांच्या फोनवर गुळवेलीचे गुण पहाटे पाचपासून यायला लागले आणि ऑक्टोबरात आयुषच्या मार्गदर्शनात गुडूचीचं नाव आलं तेव्हा तर माझ्या फाटकाला रांग लागली. तोंडाला फडकं बांधून, सहा फुटांवर उभे राहून लोक विचारायचे, "सर, फूटभर मिळेल का?" कुणी वीत मागायचं, कुणी हात. दोन घरं सोडून राहणारे नाना घरातल्या माणसांची यादी घेऊन आले. सात माणसं, सात विती, आणि गावाहून येणाऱ्या मेव्हण्यासाठी एक आगाऊ. बायको म्हणाली, "रेशनकार्ड आणा." तिने खरोखर एक वही केली. तारीख, नाव, लांबी. तिच्या शिवणाच्या टेपने मापून वेल जायची.

ती वही अजून आहे. जूनपर्यंतच तेरा मीटर वेल गेल्याची नोंद आहे. त्यात एकाने परत आणून दिलेल्या दोन विती वजा आहेत. त्याचं कारण नोंदीत असं लिहिलंय: "फार कडू."

आणि मग गोळ्या आल्या. औषधाच्या दुकानात, किराण्याच्या दुकानात, इतकंच काय, मोबाइल रिचार्ज करून देणाऱ्याच्या काउंटरवरही. नाना रांगेतून गायब झाले. एक दिवस भेटले तर खिशातून डबी काढून दाखवली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, चहाबरोबर. "कडू लागत नाही?" मी विचारलं. नाना प्रसन्नपणे म्हणाले, "काहीच लागत नाही, सर. तोंडात गेल्याचं कळतही नाही." पाच महिने त्यांनी त्या अशा घेतल्या. मेव्हण्यालाही पोस्टाने पाठवल्या.

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या पुतणीचा मुंबईहून फोन आला. ती तिथे डॉक्टर आहे, ॲलोपथीची. म्हणाली, "काका, काढा घेत नाही ना रोज?" मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेत असलेल्या या लोकांच्या यकृताला इजा झालेली आढळली. पुढच्याच वर्षी देशभरातल्या तेरा ठिकाणांहून अशा त्रेचाळीस जणांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला होता, की औषधात नेमकं काय होतं ते तपासलेलं नाही आणि गुळवेलीसारखीच दिसणारी, खोडावर गाठी असलेली दुसरी वेलही असू शकते. माझा भाचा बीएएमएस आहे. घरी दोन्ही शाखा असल्यामुळे आमच्या घरच्या लग्नांत नेहमी एक परिसंवाद होतो. या वेळी मी कान टवकारून बसलो, पण दोघं एकाच बाजूने बोलले. भाचा म्हणाला, "मामा, रोगप्रतिकारशक्ती वाढवते म्हणून जिला देतात, ती ज्याची प्रतिकारशक्ती आधीच त्याच्याच अंगावर उठलेली आहे त्याला कशी चालेल? शुगरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी विचारून घ्यावी. गरोदर बाईने तर आपल्या मनाने मुळीच नाही. आणि रोज पाच महिने कोणी सांगितलं होतं?"

मी लगेच नानांकडे गेलो. नानांचा चेहरा गुळवेलीची गोळी न घेताही कडू झाला. तपासणी झाली. यकृत शाबूत निघालं, तपासणीचे पैसे मात्र गेले. "सर," नाना म्हणाले, "झाडपाल्याने काही होत नाही असं म्हणतात ना?" मी म्हटलं, "नाना, आपल्या सातपुड्यातल्या कुठल्याही जाणत्याला विचारा. काही होत नसेल तर तो कशाला देईल?"

घरी येताना मी मोठ्या मायच्या काडीचा विचार करत होतो. तिच्या औषधाला मापाची गरज नव्हती असं मी इतकी वर्षं समजत होतो. मापं सगळी होती. वीत ज्याची त्याची, चार बोटांचं अर्धं बोट, तीन दिवस, चौथ्या दिवशी बैलगाडी. पण सगळ्यांत कडक माप जिभेवर होतं. तो काढा पाच महिने रोज कोणी पिऊच शकत नव्हतं. विळा घ्या, बांधावर जा, सोला, ठेचा, रात्रभर भिजवा, सकाळी धूर खा आणि एवढं करून मिळणार काय, तर ते तोंड. तिसऱ्या दिवशी तापाने नाही तर कंटाळ्याने तरी माणूस थांबायचाच. कारखान्याने त्या वेलीतून काढून घेतलं ते नेमकं हेच. सोलणं घेतलं, ठेचणं घेतलं, धूर घेतला, कडूपणा घेतला आणि उरलेलं डबीत भरलं. नानांना ती तोंडात गेल्याचं कळत नव्हतं, इथेच सगळी गोम होती. मोठ्या मायने ती गोळी जिभेच्या टोकाला लावली असती तर म्हणाली असती, यात काही नाही, फेकून दे. शास्त्राप्रमाणे ती चुकली असती. पण नानांचे तपासणीचे पैसे वाचले असते.

गेल्या श्रावणात मला ताप आला. पुतणीने फोनवर सांगितलं, आधी रक्त तपासा, डेंगी असू शकतो. भाच्याने तेच सांगितलं, फक्त अधिक मोठ्याने. डेंगी नव्हता, मलेरियाही नव्हता. पॅरासिटामॉल, पाणी, पडून राहणं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली आणि अंगात काही राम राहिला नाही. तेव्हा दोघांना विचारून बायकोने तीन दिवसांपुरता काढा केला. गॅसवर, स्टीलच्या पातेल्यात. मी पडल्या पडल्या बघत होतो. तिने निंबाची काडी बुडवली आणि नखाने खूण केली. हे तिला मी शिकवलेलं नाही. तिचं माहेर चोपड्याकडचं, तापीच्या पलीकडचं. तिच्या आजीचीही काडीच असणार. वाटी हातात देऊन ती समोर बसली, वाटी रिकामी होईपर्यंत. मी गूळ मागितला. ती म्हणाली, "नावात आहे की."

वेलीचं मात्र सांगायचं राहिलं. २०२० च्या त्या गर्दीत एका सकाळी उठून बघतो तर वेल जमिनीपासून दोन फुटांवर कापलेली. वरचं कमरेइतकं लांब खोड गायब, बुंधाही कोणी खणून नेलेला. वर निंबावर मात्र तिचा सगळा पसारा अधांतरी लटकत होता, ना मूळ ना जमीन. बायकोने वही मिटली. मी म्हटलं, आता आठ दिवसांत वाळेल. आठ दिवस गेले, पंधरा गेले, पानं हिरवीच. मग एक दिवस वरच्या फांदीवरून एक धागा खाली आलेला दिसला. सुतळीहूनही बारीक, पोपटी, टोक खाली. चार दिवसांनी हातभर लांब. मग आणखी तीन धागे. गुळवेलीच्या नावांत छिन्नरुहा असंही एक नाव आहे, तोडली तरी उगवणारी. नाव वाचलं होतं, आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते नाव खाली उतरताना बघायला मिळालं.

अडचण एवढीच झाली की सगळ्यांत लांब धागा जिथे उतरत होता, तिथे निंबाच्या सावलीत नानांची स्कूटर लागायची. धागा सीटपासून वीतभर वर आला तेव्हा मी नानांना काही बोललो नाही. सांगायचं तरी कसं? धुळ्यात सावलीची जागा सोडा असं आपल्या भावालाही सांगवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर स्कूटर दहा फूट सरकवून भर उन्हात लावलेली, सीटवर गोणपाटाचा तुकडा टाकलेला. आणि धाग्याच्या बरोबर खाली कोणीतरी माती उकरून, दोन विटा लावून, तांब्याभर पाणी घातलं होतं.